फेस्ताच्या दिवसांत दिवाडी बेटावर

जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त, म्हणजे सण. या दहा दिवसांत गोंयच्या सायबाच्या, म्हणजे झेवियरच्याच, दर्शनाला दूरदूरहून माणसं येतात, काही तर बेळगाव-सिंधुदुर्गातून पायी. मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) होते, मेणबत्ती लावली जाते, जत्रेच्या बाजारातून खाजे घेतले जाते आणि मंडळी घरी परततात. मांडवीपलीकडे फेरीबोटीने जेमतेम पाच मिनिटांवर दिवाडी बेट आहे, ते बहुतेकांचं राहून जातं. फेस्ताला आलात तर अर्धा दिवस तिकडे द्याच. ज्या इतिहासातून जुनं गोवं घडलं, त्याची दुसरी बाजू तिथे दिसते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. दरवर्षीच्या फेस्ताला शवदर्शन नसतं. शवाची चांदीची पेटी बॉम जेझुस चर्चमध्ये उंचावर, आपल्या जागीच असते. ती खाली उतरवून शव दर्शनासाठी से कॅथेड्रलमध्ये नेतात ते साधारण दहा वर्षांतून एकदा. याआधीचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. हे ठाऊक नसलं की लांबून आलेला माणूस हिरमुसतो.

दिवसाचा क्रम असा ठेवावा: पहाटेची मिस्सा, मग आठच्या सुमारास बोट, आणि ऊन तापायच्या आत परत. उलटं केलंत तर दोन्हीकडे पस्तावाल. दुपारी बेटावर ऊन, आणि संध्याकाळी परत यावं तर चर्चच्या आवारात मुंगीला शिरायला वाव नाही.

से कॅथेड्रलकडून व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ नदीकडे चालत गेलं की धक्का. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. चारचाकी शक्यतो नेऊच नका. फेस्ताच्या दिवसांत रस्ते वळवलेले असतात, वाहनं लांब लावावी लागतात, आणि बोटीत गाड्या मावतात मोजक्याच, त्यामुळे रांगेत तास जातो. दुचाकी मात्र सहज शिरते. फळी टेकली की दुचाक्या एकदम सुटतात, तेव्हा पायी असलात तर कडेला उभे राहा आणि त्या गेल्यावर उतरा. ओहोटीला धक्क्याच्या उतारावर चिखलाचा पातळ थर बसतो. गुळगुळीत तळव्यांच्या चपला घसरतात. शेवटची बोट किती वाजता, हे जातानाच विचारून ठेवा. कारमळी स्थानकावर उतरून आला असाल तर हे बेट तुम्ही आधीच ओलांडलंय: थिवीहून येताना कोकण रेल्वे दिवाडीवरूनच जाते, फक्त थांबत नाही.

धक्क्यापासून गावापर्यंतचा रस्ता उघडा आहे, सावली नाही, दोन्ही बाजूंना खाजन शेती. इथे घाई करू नका. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून खाडीपासून राखलेली जमीन. बांधात जागोजागी मानस असतं, म्हणजे पाण्याचं दार. त्याच्या लाकडी फळ्या अशा टांगलेल्या असतात की भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की त्या आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. खारं पाणी सोसणारं कोरगुट भात अशाच जमिनीत होतं. फळ्यांच्या फटीतून झिरपणारं पाणी पाहत पाच मिनिटं थांबलं तरी यंत्र कळतं. बांधावर मात्र चढू नका. तो मातीचा असतो, कड ढासळली की खारं पाणी शेतात शिरतं आणि भुर्दंड शेतकऱ्याला पडतो.

पुढे पियेदाद गावाच्या टेकडीवर अवर लेडी ऑफ कंपॅशनचं चर्च. आजची वास्तू १८व्या शतकाच्या सुरुवातीची. आवारातून मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. ही एक जागा चढाचं सार्थक करते. शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये कदंब राजांच्या काळातल्या मंदिराचे कोरीव अवशेष आहेत. इथला गणपती पोर्तुगीज काळात बेटाबाहेर हलवला गेला. तो आज खांडोळ्याला आहे. दफनभूमीत लोक आपल्या माणसांसाठी आलेले असतात, कॅमेरा जपून काढा. सकाळची मिस्सा संपली की चर्चचं दार बहुधा बंद होतं, म्हणून नऊच्या आत पोहोचलेलं बरं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे दोन्ही तीरांवर लागतात.

पाणी आणि खायचं बरोबर न्या. बेटावर खानावळी मोजक्या, आणि फेस्ताच्या दिवशी त्या उघड्या असतीलच असं नाही.

पायी असाल तर इथूनच परत फिरा. दुचाकी असेल तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याकडे जा. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर मूळचं इथलं. जुन्या देवळाच्या जागी आता कोटीतीर्थाची तळी उरली आहे. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूच्या नार्व्यात गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दोन्ही तीरांवर गावाचं नाव एकच, त्यामुळे रस्ता विचारताना 'देवळाचं नार्वें की बेटावरचं' हे स्पष्ट सांगा. इथूनही फेरीबोट सुटते. दर्शन करून डिचोलीमार्गे परतलात तर जुन्या गोव्याच्या धक्क्यावरची गर्दी पूर्ण टळते. फक्त त्यासाठी सकाळी दुचाकी बोटीत घेऊनच यायला हवं.