तेरच्या पांढरीतून निघालेले तगर

धाराशिवहून तेरला, म्हणजे प्राचीन तगर या व्यापारी नगराच्या जागी, जायला विसेक-पंचवीस किलोमीटरचा रस्ता आहे. मी गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि मधूनमधून हरभऱ्याचे पट्टे होते. मैलोगणती काळी जमीन पाहून डोळ्यांना तिची सवय होते. म्हणूनच तेरणा नदीच्या काठी गाव जवळ येऊ लागले की भुरकट-पांढऱ्या मातीची उंचवटे असलेली टेकाडे चटकन वेगळी उठून दिसतात. ही गावाची पांढर. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली, त्यांची घरे पडली, चुलींची राख साचली, त्यावर पुन्हा घरे उभी राहिली आणि त्यातून ही टेकाडे वाढत गेली. कोट, बैराग अशी त्यांची गावातली नावे आहेत. संग्रहालयात जे पाहायला मिळते, त्याचा उगम या मातीत असल्यामुळे आधी टेकाडांवरून एक फेरी मारावी आणि मगच दालनात शिरावे, असे माझे मत झाले आहे.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या, आणि त्या संग्रहातून त्यांच्याच नावाचे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय गावात उभे राहिले. विद्यापीठाची पदवी किंवा सरकारी मोहीम हाताशी नसताना, एका गावातल्या माणसाने जुन्या मण्याला आणि फुटक्या मूर्तीला किंमत आहे हे ओळखावे, ही गोष्ट मला दालनातल्या कोणत्याही एका वस्तूपेक्षा मोठी वाटते. बाहेर ओट्यावर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला मी विचारले, तर ते म्हणाले, “पहिला पाऊस पडून माती धुऊन गेली की मणी आपोआप वर यायचे बघा. लहानपणी आम्ही गोट्या म्हणून खेळायचो.” जुन्या वसाहतींची राखमिश्रित माती शेतात खत म्हणून टाकण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती, आणि त्या खणण्यात किती इतिहास बैलगाड्यांतून वाहून गेला असेल याचा हिशेब आता लागणे शक्य नाही.

आत शिरल्यावर मी सर्वांत जास्त वेळ काओलिनच्या पांढरट मातीतल्या मूर्तींपुढे घालवला. दोन अर्ध्या साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी घडवून ती जोडायची, म्हणजे मूर्ती आतून पोकळ आणि वजनाला हलकी होते. दुहेरी साच्याचे हे तंत्र रोमन जगाशी आलेल्या संपर्काचे फळ मानले जाते. चेहरे मात्र इथलेच आहेत. केसांची गुंफण, कानांतली जड कर्णभूषणे आणि कमरेच्या मेखला इतक्या बारकाईने दाखवल्या आहेत की सातवाहन काळातल्या पेहरावाची माहिती एखाद्या शिलालेखापेक्षा येथे अधिक मिळते. त्याच काळातल्या, रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत ठसे उमटवलेल्या आणि गळ्यात घालण्यासाठी भोक ठेवलेल्या चकत्या तेरला सापडल्या आहेत. परदेशी सम्राटाचे नाणे अंगावर मिरवण्याची हौस ज्यांना सोन्यात परवडत नव्हती, त्यांनी ती मातीत भागवली असावी, असे मला त्यांच्याबद्दल वाचताना नेहमी वाटत आले आहे.

तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे नाव या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात 1938 साली एक भारतीय बनावटीची हस्तिदंती मूर्ती सापडली आणि सध्या ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पूर्वी तिला लक्ष्मी म्हणत. आता अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी जवळचे नाते सांगणारी एक मूर्ती तेरला मिळाली आणि दुसरी, वरचा भाग नष्ट झालेली, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठे घडली यावर मतभेद आहेत, पण साम्य दाखवण्यासाठी ज्या दोन गावांकडे बोट दाखवावे लागते ती दोन्ही मराठवाड्यातली आहेत, हे आपल्याकडच्या शाळकरी मुलांना कोणी सांगत नाही याची खंत वाटते.

ही वस्तू आणि रोमन जगाशी चालणारा व्यापार एकमेकांना जोडणारा पुरावा एका ग्रीक नाविकाने लिहून ठेवला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या वाटाड्या ग्रंथात गुजरातमधल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. पैठणहून अकीकासारखे खडे आणि तगरहून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांमधून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर. 1901 मध्ये इतिहास-अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे मांडले आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिले. पुढच्या काळातले शिलाहार राजे दूर कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद लावत, यावरून या नगराचा दबदबा किती काळ टिकला ते कळते.

पावसाने उघडी पडलेली आणि हौसेने वेचलेली वस्तू कितीही देखणी असली तरी ती कोणत्या थरातली, तिच्या शेजारी काय होते, हे ती सांगू शकत नाही. म्हणून अशा संग्रहाच्या जोडीला उत्खनन लागते. पुरातत्त्वज्ञ चापेकर यांनी 1958 साली येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. पुढे राज्य पुरातत्त्व खात्याने केलेल्या कामात चक्राच्या आऱ्यांसारखी पायाची रचना असलेला विटांचा स्तूप उजेडात आला, आणि तिथे सातवाहन राजा पुळुमावीचे नाणे मिळाले. लामतुरे यांची वेचणी नसती तर उत्खननाला फारसे कारण मिळाले नसते, आणि उत्खनन नसते तर ती वेचणी नुसती शोभेची राहिली असती. संग्रहालयांबद्दल लिहिताना आपण बहुधा यातल्या एकाच बाजूचे कौतुक करतो.

संग्रहालयातून मी त्रिविक्रमाच्या मंदिराकडे गेलो. मागच्या बाजूला हत्तीच्या पाठीसारखी गोलाई असलेली ही विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, असावी असे मानतात. आज आत विष्णूचे त्रिविक्रम रूप आहे आणि पूजाअर्चा चालू आहे. विटा हाताला खरखरीत लागतात. जुन्या विटांच्या मातीत भुसा मिसळलेला असे, तो भाजताना जळून जाई आणि आत छिद्रे राहत; तेरची वीट पाण्यावर तरंगते असे गावकरी अभिमानाने सांगतात ते यामुळेच. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच आहे, आणि त्याची कोरीव लाकडी चौकट अभ्यासकांच्या परिचयाची आहे. मातीशी इतका जुना संबंध असलेल्या गावात संत गोरा कुंभार झाले, हा योगायोग मला नजरेआड करता आला नाही. तेरणेकाठच्या त्यांच्या समाधीमंदिरात वारकऱ्यांची सतत ये-जा असते, आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवणारी त्यांची थापटण्याची गोष्ट तिथल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे.

ज्यांना एका दिवसात हे सगळे पाहायचे आहे त्यांनी सकाळी टेकाडे आणि संग्रहालय, दुपारी दोन्ही मंदिरे व समाधी असा क्रम ठेवावा, आणि धाराशिव शहराजवळच्या लेण्यांसाठी दुसरा दिवस राखावा.