एटी की बटन टायर: चौथी नोंद, काळ्या मातीची

एटी टायर बरे की बटन टायर, हे मी आणि माझा मित्र आमच्या गाड्यांवर ताडून पाहतोय. मागच्या नोंदीत पाऊस लांबला म्हणून काळ्या मातीचं राहून गेलं होतं. ते एकदाचं झालं आणि हौसही फिटली.

गाड्या त्याच. माझ्या महिंद्रा थार जीपला २४५/७५ आर १६ मापाचे एटी (ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीचे), ९,००० किलोमीटर पळालेले. मित्राच्या थारला त्याच मापाचे एमटी (मड-टेरेन, चिखलासाठीचे), म्हणजे आपले बटन टायर, जेमतेम ३,००० झालेले. त्यामुळे तुलना अगदी सरळ नाही, हे धरूनच वाचा.

डांबरीवर नवीन काही नाही. धुळे-जळगाव रस्त्यावर सत्तरच्या पुढे बटन टायर असे घुमतात की पीठगिरणीत बसल्यासारखं वाटतं. मुरमाच्या रस्त्यावर २६ पीएसआयला (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) दोन्ही सारखेच.

गिरणेच्या कोरड्या पात्रात मात्र उन्हाळ्यातच मजा आली होती. ३२ पीएसआयवर माझी गाडी वीसेक फुटांत बसली. हवा १८ वर आणली, टायर खाली पसरला, आणि तीच गाडी त्याच वाळूवरून दुसऱ्या गियरमध्ये निघाली. मित्राने हवा न काढताच रेस दिली. वाळूत बटन टायर म्हणजे फावडं! चार सेकंदांत मागचा एक्सल वाळूला टेकला.

आता काळी माती. अमळनेरकडचं शिवार, रात्री दणकून पाऊस, सकाळी ऊन. वरून शेतरस्ता सुकल्यासारखा दिसत होता. पन्नास पावलं गेलो नाही तोच एटीच्या नक्षीतल्या सगळ्या खाचा भरल्या आणि टायर सारवल्यासारखा गुळगुळीत झाला. ही माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. टायर जोरात फिरून ती झटकून टाकेल तेवढीच पकड. एटीच्या खाचा अरुंद, त्यामुळे झटकणं जमतच नाही. हवा कमी करून पाहिली, फरक नाही. शेवटी मडगार्डच्या आत एवढा गारा साचला की स्टिअरिंग पूर्ण वळेना. खाली उतरून टॉमीच्या लोखंडी दांड्याने खरवडला, तर टायरएवढीच जड चप्पल झाली.

मित्राची गाडी चिखल उडवत माझ्या पुढे गेली. रुंद खाचा आपोआप साफ होत होत्या, काळी ढेकळं छपरावर पडत होती. पण हा रुबाब सरळ रेषेपुरताच. वळणावर गाडी आडवी सरकत बांधाला टेकली. दोघांनाही शेवटी ट्रॅक्टरनेच ओढलं. ट्रॅक्टरवाले आबा दोन्ही टायर न्याहाळून म्हणाले, "भाऊ, या माटीमा टायर नही चालतस, ट्रॅक्टर चालस."

माझं मत: महिना-दोन महिन्यांच्या चिखलासाठी वर्षभर घुंगाट ऐकायचा नाही. रोज शेतात जाणाऱ्याने मात्र बटन टायरच घ्यावेत.

तोरणमाळच्या बाजूला ओल्या काळ्या कातळावर बाजी उलटली. एटीच्या नक्षीतल्या गट्टूंवर बारीक चिरा असतात, त्या ओल्या दगडाला धरतात. २२ पीएसआय, फोर-लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर), पहिला गियर, क्लचला हात जोडून पाय बाजूला. मी चढलो. बटन टायर दोनदा घसरले, तिसऱ्यांदा चढले. उतरताना मात्र दगडाच्या धारेने माझ्या एका टायरच्या साइडवॉलचं, म्हणजे बाजूच्या भिंतीचं, बोटभर साल काढलं. आतला दोरा दिसत नाही, पण तो टायर आता मागे टाकलाय. एमटीची साइडवॉल जाड असते, हे तिथे समजलं.

हवा पुन्हा ३२ करायला छोट्या कम्प्रेसरला चार टायरांना पंचवीस मिनिटं लागली. सकाळी टायर थंड असतानाच मोजतो. पळून तापल्यावर आकडा फुगलेलाच दिसतो.

१०,००० किलोमीटरला टायर फिरवणार आहे, म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे. गाडी धुताना डाव्या पुढच्या टायरच्या कडेला वेड्या बाभळीचा काटा सापडला. काढलेला नाही. तीन दिवस झाले, काटा ३२ वरच आहे, म्हणजे गेजचा.