आमची वाटचाल : ६०० च्या फीडपासून

११ वर्षं वाळूज एमआयडीसीत दुसऱ्याच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) लोखंड कापलं, मग भाड्याच्या शेडमध्ये सेकंडहँड राऊटर, म्हणजे फिरत्या कटरनं शीट कापणारं मशीन, टाकला. पहिलंच काम पॅकिंग मशीनच्या गार्डचं, ६ एमएम पारदर्शक ॲक्रिलिक, ४० नग. लोखंडवाल्याला वाटतं, प्लास्टिकच तर आहे, हळू चालवलं की झालं.

हाताशी होता तो चार फ्लूटचा, म्हणजे चार दातांचा, कटर लावला, १८,००० आरपीएम, आणि भीतीपोटी फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ६०० एमएम. पहिलं वळण घेईपर्यंत उग्र गोडसर वास सुटला. कटरवर पांढरा गोळा चढला अन् मागची खाच वितळून परत बुजली. मी शहाण्यानं काय करावं? फीड आणखी कमी केलं! तीन शीट भंगारात.

रात्री वहीत हिशोब मांडला. फीड भागिले (आरपीएम गुणिले दात). प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०१ एमएमसुद्धा येत नव्हता. कटर कापत नव्हता, नुसता घासत होता. लोखंड उष्णता ओढून घेतं, ॲक्रिलिक घेत नाही. शंभर-सव्वाशेच्या आत ते मऊ पडतं. उष्णता चिपबरोबरच, म्हणजे कापून निघणाऱ्या किसाबरोबरच, बाहेर पडायला हवी, म्हणजे चिप जाड हवी.

सिंगल फ्लूट आणला. आरपीएम तेच, फीड १,८००, म्हणजे दाताला ०.१ एमएम, आणि कॉम्प्रेसरची हवा थेट कटरवर. किसलेल्या खोबऱ्यासारखा भुगा उडाला. चिमटीत धरला तर गरम लागेना. शेवटचा पातळ कट वेगळा घेतला तेव्हा कड स्वच्छ आली.

फीड वाढवत गेलं की बरं, असंही नाही. २,८०० ला कोपरे टवके सोडू लागले. आणि एकदा सप्लायरनं कास्ट (साच्यात ओतलेल्या) शीटऐवजी एक्स्ट्रुडेड (दाबून काढलेली, लवकर मऊ पडणारी) शीट टेकवली. त्याच आकड्यांवर पुन्हा गोळा. तेव्हापासून नवी शीट आली की आधी एक पट्टी कापून बघतो, मग जॉब लावतो.

स्पिरिटचं प्रकरण तर वेगळंच. कडा चकचकीत दिसाव्यात म्हणून पुसल्या, आठवड्यात केसासारख्या भेगा. ते नग बदलून द्यावे लागले. आता कापल्यावर आतला ताण सुटावा म्हणून नग ओव्हनमध्ये ८० अंशांवर ठेवतो आणि साबणाच्या पाण्यानंच पुसतो.

मेमध्ये पत्र्याखाली शीटच तापलेली असते, म्हणून कटिंग सकाळी. १२ एमएमच्या शीटसाठी फीडचा आकडा मात्र अजून बसलेला नाही. कोपरा आला की मी ओव्हरराइडच्या (चालू कामात फीड कमी-जास्त करायच्या) नॉबवर हात ठेवून उभा असतो.