चार तिकिटं एकदम शोधू नका

विमानात शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांत दुपटीचा फरक असू शकतो. कारण कंपनी इकॉनॉमीतल्या जागा अनेक भाववर्गांत वाटून ठेवते. प्रत्येक वर्गाला एक रोमन अक्षर असतं. ‘वाय’ म्हणजे बहुधा पूर्ण भाडं. बाकीच्या अक्षरांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. स्वस्त वर्ग संपला की भाव पुढच्या वर्गावर उडी मारतो.

खरी गोम इथेच आहे. समजा, स्वस्त वर्गात २ जागा उरल्यात आणि तुम्ही ४ प्रवासी टाकून शोधलंत. बहुतेक ठिकाणी एका बुकिंगला एकच भाव लागतो, त्यामुळे चौघांनाही वरच्या वर्गाचं भाडं दिसतं. त्या २ स्वस्त जागा तुमच्यासमोर येतच नाहीत! म्हणून आधी १ प्रवासी टाकून भाव बघा, मग २, ३, ४. माणशी आकडा जिथे चढतो, तिथे बुकिंग तोडा. मात्र त्यामुळे पीएनआर दोन होतात, आणि उड्डाण रद्द झालं तर दोघं एका विमानात, दोघं दुसऱ्यात असं होऊ शकतं. मुलांना मोठ्यांच्याच पीएनआरवर ठेवा आणि कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंगांत एकमेकांची नोंद करून घ्या.

पैसे भरताना भाव वाढला की लोक कुकीजच्या, म्हणजे आपण काय शोधलं याची ब्राउझरमध्ये राहणाऱ्या नोंदींच्या, नावाने खडे फोडतात. बहुतेकदा शोधयादीत दिसलेला भाव थोडा जुना, साठवलेला असतो. ताजी तपासणी शेवटच्या पानावर होते आणि तोवर तो वर्ग संपलेला असतो. इन्कॉग्निटो (जुन्या नोंदी न वापरणारी) खिडकी उघडून संपलेली जागा परत येत नाही.

काही स्वस्त भाड्यांना आगाऊ खरेदीची अट असते: उड्डाणाच्या २१, १४ किंवा ७ दिवस आधी. अशा मार्गावर जागा रिकाम्या असूनही उड्डाणाला २० दिवस उरले की भाडं वाढलेलं दिसतं. तारीख ठरलेली असेल तर ही वेस ओलांडायच्या आत तिकीट काढा.

दोन स्वतंत्र तिकिटं जोडून केलेला प्रवास अनेकदा स्वस्त पडतो खरा, पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. सामानही बहुधा मध्येच उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं. मधे ४-५ तास तरी ठेवा. त्या मार्गावर दिवसाला एकच उड्डाण असेल, तर ही काटकसर नकोच.

जाण्या-येण्याच्या एकत्र तिकिटावर जातानाचा टप्पा न सांगता चुकवलात, तर बहुतेक कंपन्या परतीचाही रद्द करतात. कर आणि विमानतळ शुल्काचा काही भाग मात्र अनेकदा परत मिळतो, अगदी ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही. तो आपोआप येईल म्हणून थांबू नका, अर्ज करा.