टुकचा काठ आणि पोरांचा कॅमेरा

कॅनडाच्या वायव्येकडच्या इनुविक गावाहून उत्तरेला निघालं की 138 किलोमीटरचा खडीचा रस्ता थेट आर्क्टिक महासागरापाशी संपतो. तिथलं गाव टुक्टोयाक्टुक. सगळे ‘टुक’च म्हणतात. वस्ती 900च्या आसपास, बहुतेक इनुव्हिअलुइत, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांपैकी, इनुइटांपैकी, कॅनडाच्या पश्चिमेकडचे.

मी मालवणजवळच्या देवबागची. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वाढलेली. उधाणात माड मुळासकट आडवे होताना पाहिलेत, धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठीचे अर्जही पाहिलेत. त्यामुळे ऑगस्टमध्ये टुकला गेले तेव्हा पाय आपसूक काठाकडे वळले. कडेचं गवत जुन्या गोधडीच्या फाटक्या काठासारखं खाली लोंबत होतं. त्याखाली काळी माती, आणि मातीच्या पोटात चक्क बर्फ. टप टप गळत होता.

इथली जमीन या बर्फानेच धरून ठेवलेली. तो वितळला की ती खचते. त्यात पूर्वी शरदातल्या वादळांच्या आत समुद्र गोठायचा, किनारा वाचायचा. आता गोठायला उशीर होतो आणि लाटा सरळ मातीवर आदळतात. बंदराला आडोसा देणारं बेट वर्षाला साधारण 2 मीटर झिजतंय. समुद्रात शिरलेल्या टोकावरची काही घरं तर उचलून आत न्यावी लागली.

हे गावातल्याच तरुण पोरापोरींनी चित्रित केलंय. ‘हॅपनिंग टू अस’ नावाची त्यांची फिल्म डिसेंबर 2019 मध्ये माद्रिदच्या हवामान परिषदेत दाखवली गेली. शिकवायला बाहेरची माणसं होती, पण कॅमेरा मुलांच्या हातात. मला हेच फार मोलाचं वाटतं. बाहेरचा कॅमेरा बर्फ टिपतो, अस्वल टिपतो, निघून जातो. ही मुलं गावातल्या म्हाताऱ्यांसमोर, शिकाऱ्यांसमोर बसतात. पूर्वी बर्फ कधी धरायचा, जमीन कुठवर होती, हे तिथे माणसांच्या आठवणीत आहे.

परतल्यावर भाचीला फोन केला. म्हटलं, आजीला किनाऱ्यावर घेऊन जा, पूर्वी वाळू कुठवर होती ते विचार, आणि मोबाइल चालू ठेव. तिने पंधरा मिनिटांचं पाठवलंय. आई पदर सावरत हात लांब करून दाखवतेय: तिथे आमची विहीर होती. बोटाच्या दिशेला नुसतं पाणी.