नाव घ्यायचं नाही

परवा दुपारी जेवण झाल्यावर आडवी पडले आणि झोप लागावी म्हणून मोबाइलवर क्वाड या चार देशांच्या गटाचं संयुक्त निवेदन उघडलं, सप्टेंबर २०२४ मधलं, अमेरिकेतल्या विल्मिंग्टनच्या बैठकीचं. (हसू नका, इतकं गुणकारी औषध दुसरं नाही, करून बघा.) भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, नेते चारच पण मजकूर एवढा की सरकवून सरकवून अंगठा दुखायला लागला. मग चाळा म्हणून सर्चमध्ये चीन टाकला. सापडला, पण फक्त समुद्रात! दक्षिण चीन समुद्र, पूर्व चीन समुद्र, बस्स. कोरड्या जमिनीवर कुठेच नाही. बळजबरीने परिस्थिती बदलायचे प्रयत्न आहेत, तटरक्षक जहाजांचा धोकादायक वापर आहे, धाकदपटशा आहे, आणि हे सगळं करतंय कोण तर... कुणीतरी.

आणि मला आमची आजी आठवली, झोप गेली ती गेलीच.

आजोबांचं नाव वसंत. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. तर मी तिसरीत असताना माझ्याकडून सहा ऋतू पाठ करून घ्यायचं काम आजीकडे आलं, आणि तिचं वर्ष सुरूच व्हायचं ग्रीष्मापासून. ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर, एकेक बोट दुमडत, आणि मग दुसऱ्या हाताचा अंगठा दुमडायची वेळ आली की नुसतं "आणि हे" असं म्हणून आजोबांच्या खुर्चीकडे हनुवटी उडवायची. मी तेच पाठ केलं. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं तेव्हा मी पाच ऋतू घडाघडा म्हटले, सहाव्याला म्हटलं "आणि हे", आणि हनुवटी खिडकीकडे उडवली. बाईंनी खिडकीबाहेर बघितलंसुद्धा.

गंमत म्हणजे शरद हे आजीच्या धाकट्या दिराचं नाव, ते ती खणखणीत म्हणायची. धाकटाच तो, त्याला काय! त्या निवेदनातही तेच आहे बघा, उत्तर कोरियाचं नाव घेऊन क्षेपणास्त्रांबद्दल स्पष्ट शब्दांत निषेध आहे, तिथे कुणाची जीभ अडत नाही.

ही विद्या आपल्या लोकांना चांगलीच जमते असं आता वाटायला लागलंय. २०२३ च्या दिल्लीच्या जी-२० जाहीरनाम्यात 'युक्रेनमधलं युद्ध' होतं पण ते सुरू कुणी केलं याचा पत्ता नव्हता, रशियाचं नाव आलं ते धान्य-खतांच्या करारापुरतं. त्याच्या आदल्याच वर्षी बालीत निदान संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाच्या आडून रशियाचं आक्रमण असं म्हटलं तरी होतं. दिल्लीत हनुवटी उडवली आणि सगळ्यांचं एकमत झालं. तेव्हा मला हे पळपुटेपणाचं वाटलं होतं, आता तेवढं वाटत नाही, का ते नीट सांगता येणार नाही.

कारण नाव घेण्याची किंमत असते हो. ऑस्ट्रेलियाला विचारा. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी कोविड आला कुठून याची स्वतंत्र चौकशी करा असं मोठ्याने म्हटलं, आणि मे महिन्यात त्यांच्या बार्लीवर चीनने ८० टक्क्यांच्या आसपास आयातशुल्क बसवलं, मग वाइन, मग कोळसा अडकला. बार्लीवरचं शुल्क उठायला ऑगस्ट २०२३ उजाडला, वाइनला मार्च २०२४. बरं, हाच ऑस्ट्रेलिया २००८ मध्ये चीन नाराज होतो म्हणून क्वाडमधून अंग काढून बसला होता, म्हणजे गप्प राहून पाहिलं, बोलूनही पाहिलं. २०१७ मध्ये मनिलात पुन्हा चौघांची बैठक झाली, तर चीनचे परराष्ट्रमंत्री म्हणाले की हा समुद्राचा फेस आहे, विरून जाईल.

बाकी तिघांच्या आणि चीनच्या मध्ये निदान समुद्र तरी आहे. आपल्याला सरळ डोंगरातली सीमा आहे, आणि जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान गेले, ते मला या हसण्या-खिदळण्यात ओढायचं नाहीये.

माझा खरा राग आहे तो टीव्हीवाल्यांवर. मूळ निवेदनात सहावा ऋतू शोधून सापडत नाही आणि खाली पट्टी चाललेली असते, 'चीनला सज्जड दम', 'ड्रॅगनला ठणकावलं'. अरे कुणी ठणकावलं? कुठल्या परिच्छेदात? चार देशांचे अधिकारी रात्र रात्र जागून एकेक शब्द घासतात, तो का, तर नाव न घेता नेमकं त्यालाच कळावं म्हणून, आणि तुम्ही ते चौकात ओरडून मोकळे.

आणि त्या दक्षिण चीन समुद्राच्या नावाचंही सरळ नाहीच. व्हिएतनाम त्याला पूर्व समुद्र म्हणतो, फिलिपिन्सने २०१२ पासून आपल्या बाजूच्या भागाला पश्चिम फिलिपिन्स समुद्र असं अधिकृत नाव दिलंय. म्हणजे आजीच्या वरताण. आजीने निदान ऋतूचं नाव बदललं नव्हतं, नुसता गाळला होता.

चीनही काही कमी नाही, तेही अमेरिकेचं नाव घ्यायचं टाळून 'काही देश' म्हणतात, 'छोटी टोळकी' म्हणतात. आजोबाही आजीला कधी नावाने हाक मारायचे नाहीत, "अगं", "ऐकलंस का", फार तर एक खाकरणं. दोन माणसं पन्नासेक वर्षं एका घरात, भांडणं, आजारपणं, हिशोब, सगळं नावाशिवाय, आणि कोण कुणाशी बोलतंय याबद्दल घरात कुणालाही कधी शंका आली नाही. मी नवऱ्याला नावाने हाक मारते, अरे-तुरे करते, आणि तीन हाकांनंतर तो विचारतो, "मला म्हणालीस का?"

त्या विल्मिंग्टनच्या बैठकीतला एक प्रसंग मात्र मला फार आवडतो. पत्रकारांना बाहेर काढलं, माइक बंद करायचा राहिला, आणि अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन साहेब बोलायला लागले ते थेट चीनपासूनच, की चीनची आक्रमक वागणूक चालूच आहे, आपली परीक्षा बघतायत वगैरे. सगळं जगाने ऐकलं. आणि झालं काय? महिन्याभराने रशियात कझानला मोदी आणि शी जिनपिंग भेटले, हस्तांदोलन, फोटो, सीमेवरच्या गस्तीचं त्याच्या आधी दोन दिवस ठरलेलं.

आजीचाही माइक एकदा चालू राहिला होता. गॅसवर दूध ठेवून, लक्ष द्या असं आजोबांना बजावून ती मागच्या अंगणात गेली, आजोबा पेपरात. दूध उतू गेल्याचा वास अंगणात पोचला आणि तिथून आवाज आला, "वसंता!" सगळं घर गार. आजोबांनी पेपर खाली केला, चष्मा काढला, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला आणि दारातून विचारलं, "हाक मारलीस का?"

"कुणी? मी?" आजी म्हणाली. "शेजारची कुणी असेल."