चीर होती की नव्हती

मुंबईत बांधल्या गेलेल्या कलवरी वर्गाच्या एका पाणबुडीवर मी वेल्ड तपासण्याचे काम करत होतो, आणि त्या काळातला एक सांधा अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. प्रेशर हलचे, म्हणजे पाण्याचा दाब झेलणाऱ्या पोलादी कवचाचे, दोन भाग जोडणारा तो गोल सांधा होता. पाणबुडी ३०० मीटर खोल गेली की या पोलादाच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ३० किलोंचा भार येतो, त्यामुळे सांध्याचा इंच न् इंच तपासला जातो; तोही वेल्डिंग संपल्यावर लगेच नव्हे, तर निदान ४८ तासांनी, कारण अशा उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजनमुळे पडणारी चीर उशिरा उघडते. उत्पादनाचे वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना हे थांबणे कायम खुपते, पण या बाबतीत त्यांचे ऐकू नये असेच माझे मत आहे.

एक्स-रे फिल्म स्वच्छ होती. मात्र अल्ट्रासोनिकचा, म्हणजे पोलादात ध्वनिलहरी सोडून दोष शोधणाऱ्या तपासणीचा, प्रोब फिरवताना पडद्यावर एका ठिकाणी बारीक, टोकदार प्रतिध्वनी उठला. प्रोब किंचित वळवला की तो विझायचा आणि पूर्वीच्या कोनात आणला की पुन्हा तिथेच उभा राहायचा. गोल पोकळी अशी वागत नाही; सपाट दोष वागतो, आणि किरणांना आडवी पडलेली सपाट चीर फिल्मवर उमटेलच असे नसते. दुसऱ्या कोनाच्या प्रोबनेही तो क्षीण दिसला, तेव्हा मी दुरुस्ती लिहिली.

तो सांधा भरणारे काका शंकुल या मुंबईतच आधी बांधलेल्या पाणबुडीवर काम केलेले होते. ती १९९४ मध्ये नौदलात दाखल झाल्यावर नव्या पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ उजाडले, आणि तोवर त्यांच्या बरोबरीचे बरेच कसलेले हात या कामापासून तुटले होते. एवढा मोठा खंड पडू दिला गेला याचा मला आजही राग आहे. काका म्हणाले, "साहेब, उघडायचा तर उघडू. पण शंकेपायी चांगल्या प्लेटला पुन्हा आच देताय, एवढं ध्यानात घ्या." त्यांचे खरेच होते. दुरुस्तीच्या प्रत्येक खेपेला सांध्यालगतच्या पोलादाला नव्याने उष्णता लागते, म्हणूनच एका जागी किती वेळा दुरुस्ती करायची याला मर्यादा असते.

थोडे थोडे खरवडत, प्रत्येक टप्प्यावर चुंबकीय कणांची तपासणी करत आम्ही खाली गेलो. दोषाची मोजलेली खोली आली, ओलांडलीही. चीर असती तर तिच्यावर जमणारी कणांची रेघ कुठेच जमली नाही. खाच भरताना काकांनी गरम डब्यातून मोजकेच इलेक्ट्रोड काढले, प्रत्येक थरावरचा स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमणारी मळी, कडेच्या कोपऱ्यापर्यंत साफ केला, बॅटरीच्या उजेडात स्वतः न्याहाळला आणि मगच पुढचा थर घातला. ठरलेले तास उलटल्यावर पुन्हा प्रोब फिरवला, तर पडदा सपाट होता.

चीर इतकी बारीक होती की ग्राइंडरनेच ती खाल्ली, की थरांमधल्या एखाद्या सीमेवरून आलेला तो नुसता प्रतिध्वनी होता, हे आता कळण्याचा मार्ग नाही. दोन कोनांतून दिसल्यामुळे माझा कल चिरेकडे आहे. काका मात्र निवृत्त होईपर्यंत आपल्या सांध्यात चीर नव्हती असेच सांगत राहिले, आणि त्यांचे इतके सांधे तपासल्यावर ते म्हणणे मला खोडताही येत नाही.